सूतभर फट

॥ श्री ॥

अंबत्तूर, चेन्नई
६ जून २००४

ती. ताईस,
शरदचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझं पत्र मिळालं. फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस. मागच्या खेपेला केला होता, तेव्हा मी तुझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं आणि तू दहा मिनिटं वाडीच्या एसटीचं वेळापत्रक सांगत होतीस. तुझ्या वाटणीचे कानही देवानं मलाच दिले असावेत. मला भिंतीतला नळ कुठे ठिबकतो ते बाहेरून ऐकू येतं आणि तुला टेलिफोनची घंटा ऐकू येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी, की अनय आणि कौमुदी मैलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दुसरा मजला, देवळाचा कळस गच्चीवरून दिसतो. कौमुदीला कंपनीनं आठ महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून ती टबात अंघोळ करायची आवड घेऊन आली. इथे नळाला तीन महिने पाणी नाही. मेट्रो वॉटरची लॉरी तिसऱ्या दिवशी येते आणि बायका पहाटेपासून प्लास्टिकच्या घागरींची रांग लावतात. आणि आमच्या सूनबाईंनी साडेपाच फुटांचा टब आणला. मी म्हटलं, पाणी येईपर्यंत यात तांदूळ साठवू. ती हसली. पोर गुणाची आहे, माझ्या थट्टेला कधी तोंड वाकडं करत नाही.

बाथरूमचं काम मी स्वतः उभं राहून केलं. कारण सांगतो, पण हसू नकोस. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्याच्या जागी अनय नेहमी 'बिझनेस' लिहायचा. 'प्लंबिंग' लिहायची त्याला लाज वाटायची हे मला ठाऊक होतं. त्यानंच परवा आपल्या ऑफिसातल्या चार मित्रांना बाथरूमच्या दारापर्यंत आणलं आणि सांगितलं, की हे माझे वडील, हे सगळं त्यांनी स्वतः बसवलंय. मी पाठमोरा होतो म्हणून बरं झालं.

मदतीला संताजीअण्णा होता. तुला तो माहीतच आहे. मद्रासला आलो तेव्हा दोन वर्षं ज्याच्या ओसरीवर झोपलो आणि पान्हा कसा धरायचा इथपासून सगळं ज्याच्याकडून शिकलो, तो. आता अडुसष्टचा झाला. मैलापुरातल्या सहा बिल्डिंगांचे पंप आणि नळ तोच सांभाळतो, आणि मी हाक मारली की माझ्याकडे येतो. त्याची तंजावरची मराठी अजून तशीच आहे, अर्धी बखरीतली, अर्धी तमिळ.

गंमत सांगतो. टब आणि भिंतीच्या टाइल्स यांच्यामध्ये एक फट राहते, ती सिलिकॉननं भरावी लागते. केकवर क्रीमची रेघ काढतात तशी बंदुकीनं काढायची आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून गुळगुळीत करायची. अण्णाचा नियम असा, की आधी टब काठोकाठ पाण्यानं भरायचा, मग सांधा भरायचा, आणि पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं. फायबरचा टब वजनानं सूतभर खाली बसतो. तो खाली बसलेला असतानाच फट भरली तर सांधा टिकतो. रिकामा असताना भरली, तर माणूस आत बसल्यावर टब खाली जातो आणि सिलिकॉन भिंतीपासून सुटतं. हा नियम मी पुढे पन्नास फिटरांना शिकवला असेल.

अण्णानं पाणी मागितलं. मी म्हटलं, खाली घागरीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरताहेत आणि मी अडीचशे लिटर पाणी सिलिकॉन वाळवायला ओतू, तर लोक मला याच टबात बुडवतील. तो म्हणाला, बरं, मग वाळूची पोती ठेवू, वजनाशी कारण. मी म्हटलं, नव्या टबाला ओरखडा पडला तर कौमुदी मला दारात उभं करणार नाही. तो म्हणाला, शरदा, मग आज नको, पाऊस येवो, मग भरू. पण वास्तुशांत बुधवारवर आलेली. नियम नवशिक्यांसाठी असतात असं सांगून बंदूक त्याच्या हातातून घेतली आणि रेघ मीच ओढली. अशी सरळ आली, की अण्णासुद्धा काही बोलला नाही.

जानेवारीत इकडे ये. अनयची रेवा तुझी वाट बघते. तिला वाटतं, आत्या-आजी म्हणजे लाडूंचा डबा. गुडघ्यांना तेल लाव. लोभ जुना आहे, तो तसाच राहू दे.

तुझा
शरद


॥ श्री ॥

कुरुंदवाड
१५ जून २००४

चि. शरद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि शेजारच्या वहिनींनाही वाचून दाखवलं. इथे पंचगंगा दारापासून हाकेवर आणि मी एका बादलीत अंघोळ उरकते. तुमच्याकडे तोंड धुवायला पाणी नाही आणि टब आला. कौमुदीला सांग, टब इकडे पाठव, आम्ही त्यात म्हैस धुऊ. रागावणार नसेल तरच सांग.

अनयचं वाचून बरं वाटलं. उशिरा का होईना, पोराला बापाचे हात दिसले.

एक मात्र मनात आलं ते लिहिते. मला तुमच्या कामातलं काही कळत नाही. पण ज्यानं शिकवलं तोच थांब म्हणत होता, तर थांबायला काय हरकत होती? वास्तुशांतीला आलेले लोक टबात बसून जेवणार नव्हते. तुला लहानपणापासून सरळ रेघेचं फार कौतुक. वहीत समास असा आखायचास, की आत गणित चुकलेलं मास्तरांच्या लक्षातच यायचं नाही.

संताजीरावांना माझा नमस्कार सांग. आपले आबा गेले त्या साली तुला एकट्याला सोडवेना म्हणून दोन दिवसांचा प्रवास करून ते तुझ्याबरोबर आले होते. तू भिंतीकडे तोंड करून पडलेलास, आणि ते अनोळखी घरात पाणी भरत होते, पाट मांडत होते. आई म्हणाली होती, की हा कोण कुठला, पण पोटच्यासारखा वागला. त्यांना विचारलं आहे म्हणून सांग, विसरू नकोस.

जानेवारीचं जमवते. प्रकृतीला जप. सगळ्यांवर माझी माया आहे, ती पत्रात मावत नाही म्हणून इथे थांबते.

तुझी
ताई


॥ श्री ॥

अंबत्तूर, चेन्नई
१७ नोव्हेंबर २००४

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, तोही आम्ही चमच्यानं खाल्ला. पण यंदा दिवाळी गोड झाली नाही. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं म्हणून लिहितो.

पाऊस झाला, नळाला पाणी आलं. कौमुदीनं ठरवलं, की नरकचतुर्दशीचं स्नान टबात करायचं. पाच महिने त्यात नुसते कपडे वाळत होते. पहाटे तेल लावून, उटणं लावून पहिला मान मला दिला, मग अनय, मग रेवा. आम्ही नवे कपडे घालून फराळाला बसतो न बसतो, तोच दार वाजलं.

खालच्या मजल्यावर विमला मामी राहतात, इथे वडीलधाऱ्या बायकांना मामीच म्हणतात. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता घरी असतात. आमच्या बाथरूमच्या भिंतीखाली त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत येते आणि तिथल्याच कोनाड्यात त्यांचे देव. पाणी जिथे शिरतं तिथेच खाली पडत नाही, स्लॅबमधून वाट काढत कुठेही निघतं. मामी दारात उभ्या होत्या, नवी कांजीवरम नेसलेल्या, हातात तबक, तबकात त्यांचे देव, आणि देवांवर आमचं उटणं आणि तेलाचे डोळे असलेलं पाणी. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या तिघांच्या अंगावरचं पाणी आहे हे, याचं मी काय करू? कौमुदी रडायला लागली. मामी वळल्या आणि जिना उतरून गेल्या.

रविवारी खाली पार्किंगमध्ये असोसिएशनची सभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, तीसेक माणसं. काम करणारा म्हणून अण्णालाही बोलावलं होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी तो खांबापाशी उभा राहिला. सेक्रेटरींनी मला विचारलं, सर, तुम्ही एवढ्या अनुभवाचे, तुमच्या मुलाच्याच घरात हे कसं झालं? मला दोन शब्द बोलावे लागले. मी म्हणालो, की सांधा भरताना कामगारानं घाई केली आणि माझं लक्ष नव्हतं, त्याबद्दल मी मामींची क्षमा मागतो.

सभा तिथेच निवळली. संताजीला पुन्हा आत सोडायचं नाही असं ठरलं आणि गेटवरच्या फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. हे जरा जास्तच झालं. पण लोकांचा राग चार दिवसांचा असतो. तशीही त्याची नजर आता पूर्वीची राहिली नाही. सांधा मी उकरून पुन्हा भरला आहे, आता थेंब नाही.

तू जानेवारीत येशील तेव्हा हे सगळं विसरलेलं असेल. कळावे, लोभाला बाध येऊ नये.

तुझा
शरद


॥ श्री ॥

कुरुंदवाड
२४ नोव्हेंबर २००४

चि. शरद यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कपाट उघडून जूनचं पत्र काढलं. माझे कान गेले असतील, डोळे गेलेले नाहीत, आणि तुझी पत्रं मी तारखेनं लावून ठेवते.

त्यात तू लिहिलं आहेस, "बंदूक त्याच्या हातातून घेतली आणि रेघ मीच ओढली." अक्षर तुझंच आहे. त्यांनी पाणी मागितलं, तू नाही म्हणालास. वाळू मागितली, नाही म्हणालास. थांब म्हणाले, तर नियम नवशिक्यांसाठी असतात म्हणालास. मग घाई कुणी केली, शरद?

आणि नव्या पत्रात ते 'अण्णा'चे 'संताजी' कधी झाले, ते तुझ्या लक्षात आलं का? सभेपर्यंत अण्णा आहेत. सभेच्या पुढच्या ओळीत संताजी झाले. त्यांची नजर अधू झाल्याचंही मला याच पत्रात कळतं आहे. जूनमध्ये ती चांगली होती.

लोकांचा राग चार दिवसांचा असतो म्हणतोस. रागावलेले लोक आपापल्या घरी फराळ खात असतील. फळ्यावर नाव ज्याचं आहे त्याचं काय चाललं आहे, ते तू एका अक्षरानं लिहिलेलं नाहीस. उरलेल्या पाच बिल्डिंगांत त्यांना आत घेतात का? खरं काय ते लिही.

आईनं आपल्याला मारलं ते खोटं बोलल्याबद्दल कधी नाही. खोटं सगळीच मुलं बोलतात म्हणायची. पण आपली फुटलेली बरणी दुसऱ्याच्या नावावर घातली, की उपाशी ठेवायची. तू किती वेळा उपाशी राहिलास ते तुला आठवत असेल.

मी रागानं लिहिते आहे. तरी माया कमी झाली असं समजू नकोस, माया आहे म्हणूनच राग आहे.

तुझी
ताई


॥ श्री ॥

अंबत्तूर, चेन्नई
२ डिसेंबर २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यासारखा वकील गावात नव्हता म्हणून गावाचं भागलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर सगळंच लिहितो.

त्या पहाटे मी टबात बसलो तेव्हाच मला ऐकू आलं. वहीवरची चिकटपट्टी हळू सोडवावी तसा आवाज, भिंतीच्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या कानांना तो ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. सांधा सुटला होता. तेव्हाच उठून पाणी सोडून दिलं असतं तर खाली दोन थेंब गेले असते. पण बाहेर रेवा दार वाजवत होती, आजोबा लवकर, आजोबा लवकर. कौमुदीचा चेहरा आनंदानं फुललेला. मी गप्प बसलो. माझ्यामागून अनयला त्याच टबात बसू दिलं, पोरीलाही बसू दिलं.

सभेत असं झालं, की मी उभा राहिलो तेव्हा खरंच बोलणार होतो. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात अनय माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाला, की माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं या शहरात काम केलंय, त्यांच्या हातचा एक नळ कधी गळलेला नाही. तीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते त्यानं नेमकं त्या दिवशी म्हटलं. त्यानंतर माझ्या तोंडून जे आलं ते तुला माहीत आहे. अण्णानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे. एक शब्द बोलला नाही. त्यानं बोलावं असं मला तेव्हा वाटत होतं. तो बोलला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडलो असतो म्हणजे मोकळा झालो असतो.

तू विचारलंस तेही लिहितो. या सगळ्या बिल्डिंगांचे सेक्रेटरी सकाळी एकाच बाकावर पेपर वाचतात. आठवड्याच्या आत पाच ठिकाणांहून त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. एका ठिकाणचा पंप त्यानं बावीस वर्षं सांभाळला होता.

मी त्याच्याकडे गेलो होतो. म्हटलं, अण्णा, माझ्या गोडाऊनला येऊन नुसता बस, पोरांच्या कामावर नजर ठेव. तो म्हणाला, बसायला माझ्या घरी जागा आहे. मग म्हणाला, शरदा, तू जेथे जे बोललास तेथेच दुसरे बोल, मला आणखी काही नको. त्याची मुलगी महालक्ष्मी दारात उभी होती. तिनं मला या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही.

आता तूच सांग, तीन आठवडे होत आले, तो विषय पुन्हा उकरून कुणाचं भलं होणार? मामी नमस्कार करायला लागल्या आहेत. अनय माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. सांधा या वेळी मी टब भरून भरला, दोन दिवस पाणी तसंच ठेवलं. पक्का बसला. नियम खरा होता.

उत्तर लवकर दे. लोभ असावा असं लिहितो, असेल का ते तू ठरव.

शरद


॥ श्री ॥

कुरुंदवाड
८ डिसेंबर २००४

चि. शरद यास,
आशीर्वाद.

तुझा प्रश्न एवढाच, की कुणाचं भलं होणार. ज्याचं नाव गेलं त्याचं होईल. बाकी कुणाचं व्हायची गरज नाही.

अनय जन्मभर तुझा मुलगा राहील, एका खऱ्या वाक्यानं तो बदलणार नाही. आणि बदलला, तर त्याच्या नजरेसाठी दुसऱ्याचं म्हातारपण खर्ची घालायचा अधिकार तुला कुणी दिला?

पुढच्या सभेत उभा राहा आणि सांग. तोवर जानेवारीचं तिकीट मी काढत नाही. त्या घरात मला पाणी अंगावर घेववणार नाही.

रेवाला गोड पापा. तुझ्यावर माझा जीव आहे हे तुला लिहायला नको.

ताई


॥ श्री ॥

अंबत्तूर, चेन्नई
२३ डिसेंबर २००४

ती. ताईस,
शरदचा साष्टांग नमस्कार.

तू सांगितलंस ते केलं. आता काय झालं ते वाच.

रविवारी, १९ तारखेला सभा होती. आदल्या दिवशी अनयला घरी बोलावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला वाटतं ते करा. सभेला आला, पण मागच्या रांगेत बसला.

मी उभा राहिलो आणि स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, की सांधा संताजीरावांनी भरलाच नाही. तो मी भरला. त्यांनी मला तीन वेळा अडवलं, मी ऐकलं नाही, आणि गेल्या सभेत मी खोटं बोललो. जसं तुला लिहिलं तसंच, एक शब्द कमी नाही.

सेक्रेटरी उठले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, सर, आजकाल कोण मालक आपल्या कामगारासाठी स्वतःवर आळ घेतो? मला आधी कळेचना. मी पुन्हा म्हणालो, की आळ नाही, खरंच माझ्या हातून झालं. पुढच्या रांगेतला एकजण हसून म्हणाला, सर, तुमच्या दर्जाचा माणूस सिलिकॉनची बंदूक हातात धरतो होय. विमला मामींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, की म्हातारा उपाशी मरेल म्हणून ह्यांच्या जिवाला लागलंय, मी माझ्याकडून सोडून दिलं. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर सेक्रेटरी म्हणाले, पुरे सर, आम्हाला समजलं. आणि ठराव लिहिला, की शरदचंद्र सरांच्या शब्दाखातर संताजीला क्षमा करून पुन्हा कामाला येऊ द्यावं, त्याच्या कामाची जबाबदारी सरांची.

जिन्यानं वर जाताना खालच्या वळणावर दोघेजण हळू आवाजात बोलत होते. माझे कान तुला माहीत आहेत. एकजण म्हणाला, पेरिय मनुषन, म्हणजे थोर माणूस.

आणि ताई, मला बरं वाटलं. तुझ्यापासून काय लपवू? पायरीवर पाय तसाच ठेवून मी आणखी काही बोलतात का ते ऐकत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ठरावाचा कागद घेऊन अण्णाकडे गेलो. कागद इंग्रजीत होता, महालक्ष्मीनं वाचून दाखवला. त्यानं विचारलं, यात क्षमा कोणास केली आहे? ती म्हणाली, तुम्हाला. त्यानं कागदाची घडी केली, माझ्यापुढे ठेवली आणि तिला कॉफी आणायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, मी कसा तीनदा बोललो, कुणी कसं ऐकलं नाही. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, की पहिल्या दिवशी तुझे खरे त्यांनी ऐकले असते. आता ऐकणार नाहीत, हे तुजला ठाऊक होते.

ठाऊक होतं का, ताई? तीन दिवस मी स्वतःला हेच विचारतो आहे. ठरावातले शब्द बदलून घ्यायला मी सेक्रेटरींकडे गेलो, एवढं खरं. ते म्हणाले, वहीत सह्या झाल्या सर, आता इतकं ताणू नका. मी ताणलं नाही. चहा घेतला आणि परत आलो. अनयनं काय झालं विचारलं, तर म्हणालो, मिटलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही. त्याला विचारायचं नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं.

अण्णा आता श्रीपेरुंबुदूरला जातो. तिथल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामगारांच्या संडास-बाथरूमचे नळ बघायचे. सकाळी सहाला अंबत्तूर स्टेशनसमोर कंपनीची बस येते. काल मी मुद्दाम तिकडून गाडी नेली. रांगेत सगळी विशी-पंचविशीची माणसं आणि त्यांच्यात हा, हातात डबा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

मी उतरून जवळ गेलो. मला वाटलं होतं, तोंड फिरवेल. त्यानं नमस्कार केला, रेवाचा खोकला कसा आहे विचारलं, तुझे गुडघे विचारले. त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. बोलण्यात कुठे काटा नव्हता. मी बोलायला शब्द शोधत होतो तेवढ्यात बस आली, आणि येतो म्हणून तो चढला.

मी गाडीकडे वळलो होतो. बसच्या खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या माणसानं त्याला तमिळमध्ये विचारलं, की ते कोण होते. इतक्या गलक्यात दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. अण्णा म्हणाला, एका घरी काम केलं होतं, तिथले मालक.

तिकीट काढू नकोस. तू अट घातली होतीस ती मी पाळली, पण तू ये असं म्हणायला माझं तोंड होत नाही. लोभ असावा असं आजवर प्रत्येक पत्राखाली सवयीनं लिहिलं. या वेळी मागतो आहे.

शरद